रँचवरच्या प्रेमकथेत नोकरी तिनेच का सोडायची?

माळरान :
अमेरिकेतल्या मोंटाना, वायोमिंगच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या शेतांवर, घडणाऱ्या आजच्या प्रेमकथांचा साचा ठरलेला आहे. शहरातली वकील वारशात आलेला हिस्सा विकायला येते, गुरं राखणाऱ्या हट्टी माणसाशी तिचे खटके उडतात आणि शेवटी ती राजीनामा देऊन तिथेच राहते. हा शेवट हिशेबात बसत नाही. अमेरिकेत काम करण्याच्या वयातल्या बहुतेकांना आरोग्य विमा नोकरीतून मिळतो. म्हणून रँचवरच्या कितीतरी घरांत दोघांपैकी एक जण शाळेत नाहीतर दवाखान्यात नोकरी धरून असतो, पगाराइतकीच विम्यासाठी. वासरं बहुधा वर्षातून एकदा, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास विकतात आणि त्यातून आधी बँकेचं हंगामी कर्ज फिटतं. अशा घरात येणारा एकमेव पक्का पगार बंद करायचा आणि त्याला सुखान्त म्हणायचं?

दावण :
असहमत. जमीन उचलून डेन्व्हरला नेता येत नाही. साडेपाचशे किलोची गाय दिवसाला बारा-तेरा किलो वाळलेलं गवत खाते. तीनशे गायी धरा, रोजचे पावणेचार टन. बर्फ असेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, ते कुणीतरी रोज घालायचं आणि पाण्यावरचा बर्फ फोडायचा. शनिवार-रविवारी येणारी बाई त्या घरात पाहुणीच राहणार. दोघांपैकी ज्याचं काम हलू शकतं त्याने हलायचं, यात बाईमाणूस-पुरुष हा मुद्दाच नाही. शहरातला नायक आणि रँच चालवणारी नायिका असेल तर त्याने हलावं.

पानोपानी :
दोघांनीही वाचकाला गोठ्यात उभं केलंत. अमेरिकी रोमान्सच्या दोनच मुख्य अटी मानतात : प्रेम कथेच्या केंद्रस्थानी हवं आणि शेवट आशा देणारा हवा. चाऱ्याचे टन कुणाला हवेत?

दावण :
मला हवेत, कारण प्रसंग त्यातूनच मिळतात. पहिलारू कालवडी विण्याचे दिवस घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री दर दोन-तीन तासांनी फेरी मारावी लागते. पाणमोट दिसल्यावर तासाभरात काही पुढे सरकलं नाही तर हात घालून बघायचं. पुढचे दोन पाय आणि त्यांवर नाक लागलं तर वासरू सरळ आहे. खुरांचे तळवे वर असतील तर बहुधा मागचे पाय आधी येताहेत. ओढून काढायचं झालं तर साखळीचा एक वेढा वासराच्या घोट्याच्या वर, दुसरा खाली घालायचा. एकच वेढा घातला तर सगळा ताण एका जागी येऊन हाड मोडू शकतं. कळ येईल तेव्हाच, एकेक पाय आळीपाळीने, बाहेर आणि खाली ओढायचं. मग पहिल्या दोन-चार तासांत दोनेक लिटर चीक पोटात गेला पाहिजे. पहाटे तीनला दोघं हे करत असताना कोण कुणाचं ऐकतं, कोण घाई करतं, ते लगेच कळतं. त्यापुढे चांदण्यातल्या घोडेस्वारीची गरज काय?

पानोपानी :
हा प्रसंग मान्य. पण असा एकच पुरे. प्रत्येक प्रकरणात वासरू आलं की प्रेम मागे पडतं.

सातबारा :
वारशाबद्दल. ‘वर्षभर इथे राहिलीस तरच हिस्सा मिळेल’ ही मृत्युपत्रातली अट लेखकांनी झिजवली आहे. त्याहून खरा ताण सहहिस्सेदारीत आहे. जमीन दोघांच्या नावावर अविभक्त असेल, तर एरवी कुठलाही एक जण कोर्टात वाटणीचा दावा लावू शकतो. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. त्यात पश्चिमेकडचे बरेच रँच सरकारी कुरणांवर चालतात. १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याखालचा चराईचा परवाना साधारण दहा वर्षांचा असतो. गाय-वासराच्या जोडीला महिन्याला किमान १.३५ डॉलर, म्हणजे फारच स्वस्त. पण तो परवाना खाजगी मूळ जमिनीला जोडलेला असतो. तिने ती जमीन विकली की त्याचं उन्हाळ्याचं कुरणही धोक्यात. त्यामुळे तिची सही हाच कथेतला खरा पेच आहे आणि तो सोडवायला तिचं वकिलीचं डोकंच लागतं. तीच वकिली शेवटी सोडायला लावणं मला पटत नाही.

माळरान :
हेच म्हणतोय. तिला मोंटानातल्याच बिलिंग्ज शहरात नोकरी करू द्या, आठवड्यातून तीन रात्री तिकडे राहू द्या.

दावण :
मार्चमध्ये नाही चालणार. आणि जुलैत गवत कापून पडलेलं असतानाही नाही. वीस टक्क्यांहून जास्त ओल असताना गठ्ठे बांधले तर ते आतून तापतात, बुरशी धरतात, कधी गंजीच पेटते. लसूणघास फार वाळू दिला तर पानं झडतात आणि नुसते देठ उरतात. म्हणून पहाटेचं दव पाहून बांधणी करतात. त्या दिवशी हात कमी असेल तर नुकसान दोघांचं.

माळरान :
मग त्या दोन महिन्यांची रजा तिने आधीच मागून ठेवावी आणि त्या बदल्यात हिवाळ्यातले काही आठवडे त्याने मजूर लावून शहरात राहावं. मजुराचा पगार तिच्या पगारातून देता येतो. ही बोलणी दोघं स्वयंपाकघरात वही घेऊन करताहेत, असं शेवटचं प्रकरण मी आवडीने वाचेन.

दावण :
हिवाळ्यात? तेव्हाच तर रोजचे पावणेचार टन घालायचे असतात. जायचंच तर वासरं विकल्यावर, बर्फ बसायच्या आत.