हँडल डुलतंय म्हणून दर वेळी पुढचंच का उघडता?

चिमटाबुश

वेग वाढला की मोटरसायकलचं हँडल डुलतं, अशी तक्रार कुणी केली की उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते वाटी-गोळ्यांचं बेअरिंग) बदला." दुसरं, "स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचे हिसके शमवणारा भाग) लावून टाका." मी पहिल्या सल्ल्याला दोनदा बळी पडलोय.

गाडी साधी, रोजच्या वापराची. ९० च्या पुढे गेली की संथ हेलकावे सुरू. थरथर नाही; होडीत बसल्यासारखं सगळं अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कोनसेट बदलला, फरक शून्य. परत गेलो तर "ढिला राहिला असेल" म्हणून मिस्त्रीने तो चांगला आवळून दिला. मग २० च्या वेगातही गाडी सरळ जाईना, दारू प्यायल्यासारखी! दुसऱ्याकडे नेली, त्याने आणखी एक नवा कोनसेट टाकला. हेलकावे तिथेच.

शेवटी चेन ताणायला डबल स्टँडवर घेतली असताना सहज मागचं चाक धरून आडवं हलवलं, तर चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यापाशी कट-कट. सांध्यातले बुश (नळकांड्या) पार संपलेले. त्यात कॅरिअरच्याही मागे लटकणारी पेटी, आणि पेटीत पाने, साखळी, कुलूप, रेनकोट, सगळा संसार. बुश बदलले, पेटी उतरवली. हेलकावे गेले ते गेलेच.

तेव्हा माझं मत: तक्रार हातात जाणवते म्हणून बिघाड हाताजवळ असतो असं नाही. तपासणी मागून सुरू करा. आणि डॅम्पर लावणं म्हणजे दार करकरतं म्हणून रेडिओ मोठा करणं.

जुनी_वाटी

एका गाडीवरून नियम काढलात. मी रोज हातात पाना धरणारा माणूस आहे. माझ्यासमोर येणाऱ्या हलणाऱ्या गाड्यांत कोनसेट, पुढचा टायर आणि पुढच्या चाकाचे बेअरिंग हेच जास्त निघतात. कारण सरळ आहे. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणजे गोळ्या वाटीत त्याच त्या जागी बसून खड्ड्यांचे दणके खातात. ग्रीस सुकलं, पाणी गेलं, की नेमक्या मधोमध खाचा पडतात.

तपासायला पाच मिनिटं लागतात. डबल स्टँडवर घ्या, कुणालातरी मागची सीट दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं जाईल. हँडल दोन बोटांनी हळू फिरवा. मधल्या जागी अडकल्यासारखं झालं तर वाटी गेली. मग पुढचे शॉकअप (चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दणके झेलणाऱ्या नळ्या) खालून धरून पुढे-मागे ओढा. कट असा आवाज आला तर ढिलाई आहे. पण इथेच लोक फसतात: शॉकअपचे बुश झिजले असले तरी तसाच आवाज येतो. म्हणून दुसऱ्या माणसाचं बोट खालची टी (दोन्ही शॉकअप एकत्र धरणारा तुकडा) आणि फ्रेम यांच्या सांध्यावर ठेवायला सांगा. सांधा हलतोय की फक्त शॉकअपची नळी हलतेय, बोटाला लगेच कळतं.

तुमचे दोन्ही कोनसेट वाया गेले, मान्य. त्यात कोनसेटचा काय दोष?

सरळरेषा

तुम्ही दोघं दोन वेगळ्या आजारांवर भांडताय.

एक आहे वॉबल. त्यात फक्त हँडल आणि पुढचं चाक झटझट हलतं, सेकंदाला साधारण ६ ते १० वेळा. दुसरा वीव्ह. त्यात अख्खी गाडी, मागच्या चाकासकट, संथ नागमोडी डुलते, सेकंदाला २ ते ४ वेळा. चिमटाबुश यांनी होडीचं सांगितलं तो वीव्ह. त्यात चिमट्याचे बुश, मागचा टायर, मागच्या टोकाला टांगलेलं वजन हे पहिले संशयित. जुनी_वाटी यांच्याकडे येतात त्या बहुतेक वॉबलच्या गाड्या. तिथे संशय पुढे.

बॅलन्सिंगचंही (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचंही) एकदा गणित करून बघा. १७ इंची चाकाचा घेर धरा १.९ मीटर. ६० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास ९ फेऱ्या मारतं, म्हणजे बरोबर वॉबलच्या ठेक्यावर. १०० ला तेच चाक सेकंदाला १५ च्या आसपास फिरतं, तो ठेका वॉबलच्या बाहेर गेला. म्हणून बॅलन्सिंग बिघडलेली गाडी पुष्कळदा ५०-७० च्या पट्ट्यात, थ्रॉटल सोडल्यावर हँडल हलवते, आणि वर गेली की नुसती बारीक झिणझिण देते. "१०० ला संथ डुलते, बॅलन्सिंग करून घेतो" म्हणणाऱ्याने आधी हा भागाकार करावा.

डॅम्परप्रेमी

रेडिओवाली उपमा वाचून हसलो, पण चूक आहे. गाडीत काहीही बिघाड नसताना वॉबल होऊ शकतो. जोरात वेग घेताना उंचवट्यावरून पुढचं चाक हलकं होतं, किंचित तिरकं होऊन परत रस्त्यावर टेकतं, आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटतं. फोर्कचा (पुढच्या शॉकअपच्या जोडीचा) कोन जितका उभा आणि ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) जितका कमी, तितकी गाडी वळायला चपळ आणि या बाबतीत नाजूक. कितीतरी सुपरबाइकना कारखान्यातूनच डॅम्पर येतो. त्या सगळ्यांचे कोनसेट ढिले असतात का?

चिमटाबुश

सुपरबाइकचा दाखला रोजच्या गाडीला कशाला? कारखान्याने ती भूमिती मुद्दाम निवडली आणि तिच्यासाठी डॅम्पर दिला. इथे लोक झिजलेला टायर तसाच ठेवून डॅम्पर लावतात. हलणं थांबतं, टायर झिजत राहतो.

सरळरेषा

डॅम्परप्रेमी, वॉबलपुरतं तुमचं बरोबर आहे. पण १९७१ मध्ये रॉबिन शार्प यांनी मोटरसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं तेव्हापासून एक गोष्ट माहीत आहे: स्टिअरिंगला डॅम्पिंग वाढवलं की वॉबल शमतो, पण जास्त वेगातला वीव्ह उलट बळावतो. चिमटाबुश यांच्या गाडीला डॅम्पर लावला असता तर बुश तसेच राहिले असते आणि हेलकावे वाढायचा धोका वर.

डॅम्परप्रेमी

म्हणूनच चांगल्या डॅम्परला क्लिक (कडकपणा कमी-जास्त करायचे खटके) असतात. अगदी मोकळ्यावर ठेवायचा, लागेल तसा एकेक क्लिक वाढवायचा. लोक सगळे क्लिक आवळून ठेवतात आणि नाव डॅम्परचं खराब करतात.

जुनी_वाटी

यावरून चिमटाबुश यांच्या "दारू प्यायलेल्या" गाडीचा उलगडा होतो. जास्त आवळलेला कोनसेट म्हणजे वाईट डॅम्परच. सरळ जातानाही गाडी क्षणाक्षणाला हँडल किंचित वळवून स्वतःला सावरत असते, आपल्याला पत्ताही नसतो. कोनसेट आवळला की ते सावरणं अडतं. हळू चालवताना गाडी भरकटते, आपण सुधारायला जातो, ती पलीकडे जाते.

बसवताना आधी जरा जोर देऊन वाट्या नीट बसू द्यायच्या, हँडल या टोकाकडून त्या टोकाकडे चार-पाचदा फिरवायचं, मग नट सैल करून पुन्हा हलका आवळायचा, मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल तर तेवढाच. अंतिम आवळणी होईपर्यंत वरच्या टीचे शॉकअपवरचे बोल्ट ढिले हवेत, नाहीतर टी खाली बसत नाही आणि नट घट्ट वाटला तरी आत फट राहते. हजारेक किलोमीटरनंतर परत बघायचं. हे परत बघणं कुणी करत नाही. गिऱ्हाईक येत नाही, मिस्त्री बोलावत नाही.

अ‍ॅक्सलचंही तसंच. शेवटचे बोल्ट आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार वेळा दाबा, नळ्या आपल्या जागी येऊ द्या. तिरक्या जागी आवळलं तर चाक नवीन असूनही गाडी एका बाजूला ओढते.

स्पोक३६

तुम्ही सगळे यंत्रातच अडकलात. निम्मे हेलकावे वरून येतात, चालवणाऱ्याच्या खांद्यातून! वारा अंगावर येतो, माणूस हँडलला लोंबकळतो, हात ताठ करतो आणि अंगाचा प्रत्येक हिसका हँडलला देतो. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल सोडा, मग सांगा किती उरतं.

आणि ते "थ्रॉटल पिळा, पुढचं हलकं होईल, थांबेल" सांगणाऱ्यांपासून लांब राहा. वीव्हमध्ये वेग हेच मुळात खाद्य आहे.

डॅम्परप्रेमी

"निम्मे" कुठून काढलेत? आणि हात अगदी सैल सोडायला सांगणंही धोक्याचं. बॅलन्सिंगची थरथर हात नुसते टेकवले तरी कित्येकदा विरते. हात म्हणजे फुकटचा डॅम्परच.

स्पोक३६

"निम्मे" मागे घेतो. अंदाज होता. सैल म्हणजे सोडलेले नव्हेत. पाखरू धरल्यासारखे: उडू नये, गुदमरूही नये. हलायला लागलं तर थ्रॉटल हळूहळू मिटायचा, एकदम नाही, अंग पुढे टाकीवर झुकवायचं, पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. इतपत तरी मान्य?

डॅम्परप्रेमी

मान्य.

नवा_गिअर

भांडणात मध्येच शिरतो, माफ करा. माझी गाडी ६५ वरून थ्रॉटल सोडला की ५५ पर्यंत हँडल थरथरवते. हात घट्ट धरले की थांबते. ९० ला काहीच नाही. वरचं वाचून कोनसेट तपासला. मध्ये अडकत नाही, आवाज नाही. मागून सुरू करू की पुढून?

चिमटाबुश

मागून. चिमटा, मागच्या चाकाचे बेअरिंग, चेन अ‍ॅडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा. खुणांवर फार विश्वास नको. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दोरी लावून पुढपर्यंत ताणा, पुढचं चाक मधोमध येतंय का बघा.

सरळरेषा

पुढून. लक्षणं पुस्तकात छापल्यासारखी आहेत. हवा थंड टायरमध्ये मोजा. मग चाक उचलून फिरवा आणि रिमजवळ काहीतरी टेकवून किती हेलकावतं ते बघा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा २ मिमी असते. टायरच्या कडेवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का तेही. आणि हो, तपासण्यासाठी हात सोडून गाडी चालवू नका.

जुनी_वाटी

टायरवर तळहात फिरवा, एकदा पुढे, एकदा उलटा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला पायऱ्या लागल्या तर टायर वाट्या-वाट्यांनी झिजलाय. तो कितीही बॅलन्स केला तरी पूर्ण शांत होणार नाही.

नवा_गिअर

केलं. हवा ६ पीएसआय कमी होती. टायरला उलट्या दिशेने स्पष्ट पायऱ्या लागतात. रिमवर एका जागी चौकोनी चिकट डाग आहे, म्हणजे बॅलन्सिंगचं शिसं कधीतरी पडून गेलेलं. हवा भरून आणि बॅलन्सिंग करून आणलं, थरथर बरीच कमी झाली, पूर्ण नाही. टायर बदलणार आहे.

जुनी_वाटी

चिमटाबुश, ऐकताय ना?

चिमटाबुश

ऐकतोय. या गाडीपुरती हार मान्य. पण नवा_गिअर, मागचं चाक आडवं हलवून बघितलंत का?

नवा_गिअर

बघितलं. घट्ट आहे.