मदत हवी आहे : सारावाकच्या लाँगहाऊसमध्ये माळकरी आईला घेऊन राहायचं आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटी मी आणि आई बारा दिवसांसाठी मलेशियातल्या सारावाकला जाणार आहोत. बोर्निओ बेटाचा हा वायव्येकडचा भाग. तिथल्या इबान या आदिवासी लोकांच्या लाँगहाऊसमध्ये, म्हणजे अनेक कुटुंबांच्या एकाच लांबलचक घरात, निदान दोन रात्री राहावं अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मी हातमागावर विणते, आमचा माग सोलापूरचा. इबान बायका पुआ कुम्बू नावाचं कापड विणतात. त्यात ताण्याचे धागे आधी बांधून रंगवतात, मग कमरेला पट्टा बांधून, जमिनीवर बसून विणतात. नक्षी ताण्यातच असल्यामुळे एक धागा सरकला तरी सगळं बिघडतं. हे काम होताना मला शेजारी बसून बघायचं आहे.

अडचण आईच्या जेवणाची आहे. ती ७१ वर्षांची, गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला वारी. तिकडे डुक्कर, कोंबडी, मासे हेच मुख्य जेवण असतं असं वाचलं. आईला उपाशी राहण्याची भीती नाही. ती म्हणते, "अगं, त्यांनी मायेनं पुढं केलेलं ताट मी नको म्हणाले तर त्यांना काय वाटेल?" मलाही हाच प्रश्न छळतोय. शिवाय तिचा डावा गुडघा दुखतो. बोटीत चढणं-उतरणं, घराचा जिना, रात्री उठावं लागणं, हे सगळं तिला झेपेल का?

आणखी एक. लोकांच्या घरात पैसे देऊन राहायचं आणि त्यांच्याकडे प्रदर्शनासारखं बघत बसायचं, हे मनाला पटत नाही. पाहुण्यासारखं राहायचं तर काय न्यावं, काय विचारावं, काय टाळावं? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद : बिंटुलूकर

ताई, मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं सारावाकमधल्या बिंटुलू शहरात होतो. इबान सहकाऱ्यांबरोबर त्यांच्या घरी अनेकदा राहिलो, त्यावरून लिहितो.

आधी आईंच्या शंकेबद्दल. त्यांना जे वाटतंय तेच इबान लोकांनाही वाटतं, आणि त्यावर त्यांच्याकडे जुनी रीत आहे. समोर आलेलं अन्न अव्हेरून निघालं तर त्या माणसावर वाटेत संकट येतं, अशी त्यांची समजूत आहे. त्याला 'पुनी' म्हणतात. म्हणून जे खायचं नाही त्याला नुसता बोटांनी स्पर्श करायचा. ताटाच्या कडेला हात लावला तरी चालतं. तांदळाची दारू, म्हणजे तुआक, पुढे आली तरी हेच करायचं. कुणीही रागावत नाही, उलट पाहुण्याला रीत माहीत आहे याचा आनंद होतो. आईंना एवढंच सांगा की हात लावणं म्हणजे मान देणं.

आता खरं जेवण. भात प्रत्येक वेळी असतो आणि डोंगरावरचा नवा भात फार चवदार लागतो. नेच्याचे कोवळे कोंब (मिदिन), टॅपिओकाची पानं, काकडी, आंबट वांगी हे सगळं मिळतं. पण एक गोष्ट आधीच बजावून सांगा. भाजीत बेलाचान, म्हणजे वाटलेल्या जवळ्याचा गोळा, किंवा सुकट घालायची सवय असते आणि त्यांच्या दृष्टीनं ती तरीही भाजीच असते. "मांस नको" एवढं सांगून भागणार नाही. "मासे नको, जवळा नको, बेलाचान नको" असं एकेक नाव घेऊन सांगायला हवं. मेतकूट, लाडू, भाजलेले पोहे बरोबर असू द्या.

घराची रचना कळली की कसं वागायचं तेही कळतं. आपली चाळ डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत दारं, प्रत्येक दारामागे एका कुटुंबाचं बिऱ्हाड, त्याला बिलिक म्हणतात. दारांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद ओसरी, ती रुआय. त्यापुढे उघडा माच, तांजू. भात, मिरी, कपडे सगळं तिथे वाळतं. वर माळा, तिथे धान्य आणि चटया. घराचा आकार दारांवर मोजतात, वीस दारांचं, चाळीस दारांचं असं. गावही हेच आणि घरही हेच. नाव बहुधा प्रमुखाचं असतं, त्याला तुआई रुमाह म्हणतात. रुआय सर्वांची दिसते, पण प्रत्येक दारासमोरचा तुकडा त्या कुटुंबाचा असतो. बिलिकमध्ये बोलावल्याशिवाय जायचं नाही. पादत्राणं बाहेर.

पोचल्यावर आधी तुआई रुमाहला भेटायचं. घरात कुणी गेलं असेल तर शोकाच्या दिवसांत परक्यांना प्रवेश नसतो, कधी दुसरा काही विधी चालू असतो. तसं असेल तर मुकाट्यानं परत फिरायचं. काही जुन्या घरांत छताला टांगलेल्या कवट्या दिसतील, जुन्या लढायांतल्या. त्यांना हात लावू नका, परवानगीशिवाय फोटोही नको. आज बहुतेक इबान ख्रिस्ती आहेत, तरी या गोष्टींचा धाक आणि आदर टिकून आहे.

भेटवस्तू. एकाच मुलाच्या हातात चॉकलेटं देऊ नका. बिस्किटं, कॉफी, साखर, वह्या असं काही कुचिंगहून, म्हणजे सारावाकच्या राजधानीतून, घ्या आणि सगळं तुआई रुमाहच्या पत्नीकडे सोपवा. जितकी दारं तितके वाटे होतात, अगदी शेवटच्या दारापर्यंत. हे वाटप बघायला मिळालं तर जरूर बघा.

तारखांबद्दल थोडं. १ आणि २ जूनला गावाय दायाक, त्यांचा सुगीचा सण. मिरी शहर, बिंटुलू, जोहोर, सिंगापूर, जिथे म्हणून पोरं कामाला आहेत तिथून सगळी घरी येतात. रात्रभर घंटा वाजतात, ङजात नाच होतो, तुआक फिरतो. तुम्ही एकट्या असतात तर हाच मुहूर्त धरा म्हटलं असतं. आईंना झोप हवी, गुडघा दुखतो, आणि त्या दिवसांत विणकाम कुणी करत नाही. जमलं तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जा.

कापडासाठी कपित गावाकडची वाट आहे, सिबू शहरातून राजांग नदीनं वर. जवळ म्हटलं तर 'बातांग आई' नावाच्या तळ्याचा भाग, कुचिंगहून गाडीनं चार-पाच तास आणि पुढे लांबट बोट. तिथे जाल तर एक लक्षात असू द्या. ते तळं धरणाचं आहे. १९८५ साली वीजनिर्मितीसाठी नदी अडवली आणि २६ लाँगहाऊस उठवावी लागली. काठावरची काही घरं ही त्या पुनर्वसनातली आहेत, पत्र्याची आणि सिमेंटची. "हे पारंपरिक वाटत नाही" असं त्यांच्यासमोर चुकूनही म्हणू नका.

प्रतिसाद : रानवाटा

माझा अनुभव थोडा वेगळा, तोही ऐका. आम्ही कुचिंगमधल्या एका सहल कंपनीतर्फे गेलो होतो. संध्याकाळी सातला नाच, साडेसातला फुंकनळीचा खेळ, आठला वस्तूविक्री. त्या माणसांना दिवसभर शेतात राबून आमच्यासाठी पोशाख चढवावा लागला, याचं मला अजून वाईट वाटतं. नाच संपल्यावर मी एका आजींजवळ चटईवर बसले. त्या टोपलीसाठी पट्ट्या सोलत होत्या. मलाही एक पट्टी दिली. भाषा येत नव्हती, पण तो तासभर मला आठवतो, नाच नाही. वाटाड्याला आधीच सांगा की कार्यक्रम नको, दोन रात्री एकाच घरात राहायचं आहे. आणि ठरवलेल्या पैशांतले किती घराला, बोटवाल्याला आणि स्वयंपाक करणाऱ्यांना मिळणार, हे स्पष्ट विचारा. ते विचारण्यात संकोच नको.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. बिंटुलूकरदादा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. पुनीचं ऐकून ती एकदम मोकळी झाली. म्हणाली, नैवेद्याला हात लावून पुढं सरकवतो तसंच की.

पण धरणाचा परिच्छेद आला तेव्हा तिनं मला थांबवलं. तिचं माहेर कोयनेच्या शिवसागराखाली गेलंय. लहान असताना बैलगाडीतून उठून आलेली ती माणसं, पुढे सोलापूरकडे जमीन मिळाली. आता ती म्हणते, कपित नको, बातांग आईलाच जाऊ. तिला त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायचं आहे. मला काळजी वाटते ती अशी की आपण परके, जुनी जखम उकरल्यासारखं होईल का? आणि विणकाम तिथे बघायला मिळेल का?

ती भेट म्हणून आमच्या शेतातले तांदूळही न्यायचं म्हणतेय.

प्रतिसाद : बिंटुलूकर

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा.

तुम्ही विषय काढू नका, आईंनी काढावा. त्यांचं वय तिथे तुमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. रुआयवर संध्याकाळी म्हातारी माणसं येऊन बसतातच, कारण आठवडाभर घरात बहुतेक तीच असतात. "उदाह माकाय?" म्हणजे "जेवलात का?" असं विचारतील. मग मुलं किती, शेती किती. त्यात आईंनी आपल्या गावाचं सांगितलं आणि तुमच्या वाटाड्यानं नीट भाषांतर केलं तर पुढचं ते स्वतः बोलतील. नाही बोलले तर तिथेच थांबा. त्यासाठी वाटाड्या मात्र इबानच बघा, आणि जमल्यास त्याच भागातला.

विणकाम बातांग आईच्या परिसरातही आहे, पण प्रत्येक घरात नाही, तेव्हा घर ठरवतानाच विचारा. विणणारीच्या मागाला किंवा अर्धवट कापडाला विचारल्याशिवाय हात लावू नका, ओलांडू तर नकाच. काही नक्षी स्वप्नात मिळाल्याशिवाय विणायच्या नाहीत, अशी श्रद्धा आहे. पूर्वी युद्धातून आणलेलं मस्तक याच कापडात झेलत, आणि धागे रंगासाठी तयार करण्याच्या विधीला 'बायकांची लढाई' म्हणत. लाल रंग एंग्कुडू नावाच्या झाडाच्या मुळांचा, ते झाड आपल्या बारतोंडीच्याच कुळातलं. तुम्ही विणता हे पहिल्याच भेटीत सांगा, मागाचे फोटो दाखवा. जाण्याआधी कुचिंगमध्ये तुन जुगाह फाउंडेशनचं वस्त्रदालन बघून घ्या, म्हणजे समोरच्या बाईंना काय विचारायचं ते कळेल.

गुडघ्याचं म्हणाल तर नवीन घरांना पायऱ्या असतात. जुन्या घरांत खाचा पाडलेला ओंडकाच जिना असतो, तो आईंना नको, हेही आधी सांगून ठेवा. शौचालय उकिडवं बसायचं असण्याची शक्यता जास्त. बोटीत त्यांना मध्यभागी बसवा. पाणी कमी असलं तर सगळ्यांना उतरून बोट ढकलावी लागते, पण तेव्हा त्यांना बसूनच राहू देतील. अंघोळ नदीत असेल तर बायका सारोंग छातीपर्यंत गुंडाळून करतात, आईंना जुनं नऊवारी चालेल.

तांदूळ नेऊ नका. धान्य आणि बियाणं विमानतळावर अडवतात, आणि सारावाकमध्ये उतरल्यावर क्वालालंपूरहून गेलात तरी पुन्हा पासपोर्ट तपासणी होते. त्याऐवजी ज्या बिलिकमध्ये तुम्हाला उतरवतील त्या घरासाठी एक सोलापुरी चादर घ्या. ती वाट्यांत धरायची नाही, घरच्या बाईंच्या हातात द्यायची. त्या आधी कापड उलटं करून मागची बाजू बघतील.