ड्रायव्हरांतला ‘वेक’चा कोड: उपटायचा की राहू द्यायचा?

कढीपत्ता: काल ‘जुना खिळा’ यांनी लिहिलं, की लिनक्सच्या ड्रायव्हरांत (मशीनचा एकेक भाग चालवणारे प्रोग्राम) मशीन झोपताना-उठताना चालणारा वेकचा, म्हणजे झोपलेल्याला जागं करण्याचा, कोड ‘अनुभवी हातांचा’ आहे, कुणी त्याला शिवू नये. कसले अनुभवी हात? सगळं कॉपी-पेस्ट! सस्पेंडमध्ये, म्हणजे झोपताना, डिव्हाइस_मे_वेकअपला विचारा की या डिव्हाइसने जागं करायचं का; हो म्हणालं की एनेबल_आयआरक्यू_वेक, म्हणजे त्याच्या आयआरक्यूला (प्रोसेसरला हाक मारणारा सिग्नल) जागं करायची मुभा. रिझ्यूममध्ये, म्हणजे उठताना, त्याच्या उलट. एनेबल फसलं तर बघतो कोण? मग उठल्यावर डीमेसगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, ‘अनबॅलन्स्ड आयआरक्यू वेक डिसेबल’ची बोंब. २०१५ पासून या सगळ्याऐवजी डेव्ह_पीएम_सेट_वेक_आयआरक्यू हे एकच फंक्शन आहे. प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर सुरू होताना, एकदा सांगा, पुढचं पीएम कोअर (लिनक्सचा वीज सांभाळणारा सामायिक भाग) बघतं.

जुना खिळा: तुमचं ते पॉवरच्या बटणापुरतं ठीक. नेटवर्क कार्डाने मॅजिक पॅकेट (नेटवर्कवरून येणारा ‘जागा हो’ संदेश) ओळखायचं तर झोपण्याआधी चिपच्या रजिस्टरात लिहावं लागतं. टचस्क्रीनला डबल-टॅपने जागं होण्याच्या मोडमध्ये ढकलावं लागतं. हे कोअर करणार? कधी रात्री दोनला बोर्ड आणि सिरीयल केबल घेऊन बसलायत, की नुसतं व्हर्च्युअल मशीन?

निद्रानाश: तुमचं चालू द्या. माझा लॅपटॉप झाकण लावून बॅगेत ठेवला होता, पुण्याहून नागपूरला निघालो. भुसावळला पाण्याची बाटली काढायला बॅगेत हात घातला तर चटका! फॅन भणभणतोय, बॅटरी सहा टक्के. घरी येऊन झोपेचा प्रकार सांगणारी मेम_स्लीप फाइल बघितली: चौकटी कंसात, म्हणजे निवडलेली, एस२आयडल ही हलकी झोप; ‘डीप’ हा शब्दच नाही. ती गाढ झोप, एस३, कोणी काढून घेतली ते सांगा आधी.

कढीपत्ता: विषय तो नाही. पण वायरलेस माऊसचा रिसीव्हर यूएसबीत तसाच होता ना?

निद्रानाश: होता. पण एसीपीआयच्या वेकअप फाइलमध्ये (कोण जागं करू शकतं याची यादी) एक्सएचसी, म्हणजे यूएसबीचा कंट्रोलर, मी बंद केलं होतं. बूटच्या स्क्रिप्टमध्ये, आणि खात्री म्हणून झोपण्याआधीच्या स्क्रिप्टमध्येही.

जुना खिळा: म्हणजे दोनदा? अहो, त्या फाइलमध्ये नाव लिहिलं की स्थिती उलटते. पहिल्यांदा बंद केलंत, दुसऱ्यांदा स्वतःच्या हाताने चालू!

निद्रानाश: मग बंद करायला ‘बंद’ असं लिहायची सोय का नाही?

कढीपत्ता: आहे. सिसफसमध्ये (लिनक्सच्या सेटिंगांच्या फाइली असतात तिथे) त्या डिव्हाइसच्या पॉवर/वेकअप फाइलमध्ये ‘डिसेबल्ड’ लिहा, कितीदाही. एकाच गोष्टीला दोन दारं ठेवली की असंच होणार. ड्रायव्हरांतही मी हेच म्हणतोय.

जुना खिळा: आमच्या काळात निदान दारं माहीत असायची.

कढीपत्ता: तुमच्या काळात बोर्ड रात्रभर जागे असायचे, सकाळी बॅटरी शून्य!

जुना खिळा: तोंड सांभाळून. …बरं, रजिस्टरचा भाग ड्रायव्हरमध्येच राहील, त्यावर तडजोड नाही. आयआरक्यूच्या चार ओळी न्या, लखलाभ. माझ्या टचच्या ड्रायव्हरचा पॅच मीच पाठवतो, नाहीतर तुम्ही डबल-टॅपही उडवाल.

कढीपत्ता: उपकार झाले. पाठवण्याआधी एकदा झोपवून उठवून बघा म्हणजे झालं.

निद्रानाश: आणि एस३?