दगडात फर्नची पानं सापडलीत, आणि ६.६ कोटी वर्षं मोजतात कशी?

रंकाळावाला
नमस्कार मंडळी, घराच्या कंपाउंडला ज्योतिबाच्या बाजूच्या एका खाणीतनं दगड आणलाय, नेहमीचा काळा फत्तर, तर काल गडी फोडत होता आणि एक दगड भेगेतनं सरळ उघडला आणि आत पिवळट पापुद्र्यावर काळ्या रंगात चक्क फर्नची पानं! इतकी बारीक नक्षी की पेनानं पण काढता यायची नाही. पोरगं आठवीला आहे, ते म्हणतंय बाबा हे जीवाश्म. शेजारचे काका म्हणाले कुणाला देऊ नको, लाखात जाईल. हे खरंच जीवाश्म आहे का, आणि दुसरं म्हणजे पोरानं कुठंतरी वाचलंय की सह्याद्रीचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, तर हे मोजतात कसं? दगडावर काय तारीख छापलेली असते व्हय? फोटो टाकलाय.

मिसळ_कट
कार्बन डेटिंग करून घे भावा, विषय संपला.

खडकवेडा
कार्बननं इथं काही होणार नाही ओ. कार्बन १४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, पन्नास हजार वर्षांपलीकडं मोजण्याइतका उरतच नाही, आणि मुळात तो लागतो कधीतरी जिवंत असलेल्या वस्तूत, लाकूड, हाड, कोळसा असल्यात. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा.

आधी फोटोचं सांगतो. पोराचं मन मोडणार, पण ते पान नाही. याला डेंड्राइट म्हणतात. भेगेतनं पाणी झिरपतं, त्यात मँगनीज विरघळलेलं असतं, ते त्या चिंचोळ्या जागेत साठत साठत पसरतं आणि अशी फांद्याफांद्यांची नक्षी उठते. भिंग घेऊन बघा, फर्नच्या पानाला मधली शीर असते आणि दोन्ही बाजूंना पात्या ठरलेल्या अंतरानं फुटतात, इथं फांद्या कशाही फुटल्यात आणि सगळी झाडी भेगेच्या कडेपासनं आत शिरलीय, फोटोत डाव्या बाजूला स्पष्ट दिसतंय. तरी खात्री पाहिजे असेल तर मेडिकलमधनं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, जखम धुवायला देतात ते, आणि कोपऱ्यात एक थेंब टाका. मँगनीज असेल तर फसफसतं.

आता वयाचं. लाव्हा पातळ असतो तोवर त्यातला आर्गॉन वायू निसटून जातो, गुऱ्हाळात काहिलीतनं वाफ जाते तसा. एकदा थिजला की पुढं तयार होणारा आर्गॉन स्फटिकातच अडकून पडतो. तो तयार होतो पोटॅशियम ४० पासनं, ज्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. सगळ्याचा आर्गॉन होत नाही, शंभरातल्या साधारण अकराच अणूंचा होतो, बाकीच्यांचं कॅल्शियम, पण हे प्रमाण ठरलेलं आहे म्हणून हिशोब बसतो. पोटॅशियम किती उरलं, आर्गॉन किती साठला, त्यावरनं वय. कागदावर सोपंय, खरी कटकट दगडाची. आपल्याकडच्या पावसात दगड कुजतो, कुजला की आर्गॉन गळतो आणि दगड आहे त्यापेक्षा तरुण दिसायला लागतो. म्हणून आता आर्गॉन-आर्गॉन पद्धत वापरतात, नमुना अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनचा मारा करायचा, त्यानं थोड्या पोटॅशियमचाही वेगळा आर्गॉन होतो आणि दोन्ही एकदमच मोजता येतात, मग टप्प्याटप्प्यानं तापवत प्रत्येक टप्प्याला निघालेला वायू मोजायचा, बहुतेक टप्प्यांचं वय जुळलं तर नमुना धड, नाहीतर त्यावर भरवसा नाही.

वडणगे_फाटा
सगळं मान्य, पण साडेसहा कोटी वर्षं कोण बघत बसलं होतं? तेव्हा घड्याळ जोरात पळत असलं तर?

खडकवेडा
शंका रास्त आहे, म्हणून तर एकाच घड्याळावर कोणी विसंबत नाही. महाबळेश्वरकडं घाटात काळ्या थरांच्या मधनं विटेच्या रंगाचा पट्टा गेलेला बघितला असेल. एक लाव्हा येऊन गेला आणि पुढचा यायच्या आधी जो निवांत काळ गेला त्याची ती माती. यातल्या काही पट्ट्यांत ज्वालामुखीची राख आहे आणि राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही, म्हणजे आत सापडलेलं शिसं युरेनियमपासनंच झालेलं. आणि युरेनियमची घड्याळं दोन आहेत, एकाचं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, दुसऱ्याचं ७० कोटी. वेग बदलला असता तर दोन्ही एकच वय दाखवतील कशाला?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी पश्चिम घाटातल्या झिरकॉनवर काम करून २०१५ आणि २०१९ ला छापलं, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, सात-आठ लाख वर्षांत इथला बहुतेक लाव्हा ओतला गेला. २०१९ लाच दुसऱ्या गटानं आर्गॉननं मोजलं, त्यांचंही म्हणणं दहा लाखांच्या आतच. त्यांची जुंपलीय ती धो धो लाव्हा डायनासोर मरायच्या आधी आला की नंतर यावर. कोटीच्या आकड्यावर भांडण नाही.

आणि हो, पन्हाळ्याच्या नावानं थरांचा एक अख्खा गट आहे. खालनं वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, मग पन्हाळा, आणि सगळ्यात वर बेळगावकडचा देसूर. म्हणजे पन्हाळ्याचा दगड महाबळेश्वरच्या दगडापेक्षा लहान, आता महाबळेश्वरवाल्यांना हे सांगायला नको 😄

पंचगंगा_काठ
आमच्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीचं पण असंच ना? चाळीसच्या दशकात खोदलं तेव्हा सातवाहनांच्या वेळची वस्ती निघाली, तिथली समुद्रदेव पोसायडनची रोमन मूर्ती टाउन हॉल म्युझियमला आहे. तिथं पण थर आणि नाणी बघूनच काळ ठरवला.

खडकवेडा
अगदी. खालचा थर आधीचा हा नियम दोन हजार वर्षांना लागू आणि कोटींनाही. उलट जीवाश्मांचं वय बहुतेक वेळा असंच काढतात, थेट जीवाश्मावर नाही. लाव्हा येता येता थांबायचा तेव्हा मधे तळी साठायची, नागपूर, छिंदवाड्याकडं त्या गाळात गोगलगायी, ताडाची खोडं दगड होऊन बसलीत. खालच्या लाव्हाचं वय काढा, वरच्याचं काढा, गोगलगाय त्या दोघांच्या मधली. पोराला खरंच जीवाश्म बघायचे असतील तर विदर्भाकडं न्या, चंद्रपूरला पिसदुऱ्याजवळ लाव्हाच्या खालच्या थरात डायनासोरची हाडं मिळालीत. नुसत्या लाव्हात कुणी सापडायचं म्हणजे कठीणच, हजार-अकराशे डिग्रीत काय राहतंय.

रंकाळावाला
टाकला थेंब. फसफस फसफस, फेसच आला! पोरगं नाराज नाही, उलट आता विचारतंय मग ही नक्षी पण साडेसहा कोटी वर्षांची का?

वडणगे_फाटा
पोरगं हुशार आहे ओ

खडकवेडा
नाही, नक्षी दगडापेक्षा लहान. लाव्हा थिजला, गार होताना आकसून भेगा पडल्या, मग कधीतरी पाणी शिरलं, ते कोटीभर वर्षांपूर्वी असेल नाहीतर पार अलीकडं, पोटॅशियमचं घड्याळ फक्त लाव्हा थिजल्याचं सांगतं. बाकी तो दगड कंपाउंडला लावू नका, दोन पावसाळ्यांत पापुद्रा सुटेल आणि नक्षी पण जाईल. घरात ठेवा, कपड्यानं घासू नका. आणि काकांना सांगा, लाखात काय जात नाही.