रीडिंगमध्ये खिडक्या आणि कॉन्झर्व्हेटरी धुण्याचं काम: दर कसा लावायचा, जाहिरात कुठे करायची?

टेम्सकाठ

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या लोअर अर्ली भागात खिडक्या धुण्याचं काम सुरू करतोय. व्हिसा डिपेंडंट आहे, त्यामुळे स्वयंरोजगाराला अडचण नाही. छोटी व्हॅन, २५० लिटरची टाकी, २५ फुटी वॉटर-फेड पोल (टोकाच्या ब्रशपर्यंत पाणी नेणारी लांब काठी), पाणी शुद्ध करायला आरओ आणि त्यापुढे रेझिनची गाळणी अशी जुळवाजुळव झाली आहे. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ३४० च्या घरात आहे, पोलच्या टोकाला ००० येतो. पब्लिक लायबिलिटी विमाही (कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईसाठी) काढला. अडलंय ते पैशांवर.

दर खिडकीमागे लावायचा की घरामागे? एका बाईंचा फोन आला होता, साडेतीन बाय तीन मीटरची कॉन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली), छत पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचं, सहा वर्षांत धुतलेलं नाही. त्यांना फोनवरच आकडा हवाय. बागेतून काढलेला एक फोटो पाठवलाय, त्यात छत हिरवं दिसतंय एवढंच कळतं. काय सांगू?

जाहिरातीसाठी २००० पत्रकं छापून गावभर वाटायची, फेसबुकवर टाकायचं आणि मंडळाच्या दिवाळी अंकात पाव पान घ्यायचं असा विचार आहे. बरोबर आहे का?

हिशेबी

खिडक्या मोजू नका, मिनिटं मोजा. मागच्या बागेला फाटक आहे की नाही, व्हॅन दारात लागते की चाळीस मीटर लांब, पोर्चच्या छपरावरून पोल तिरका टाकावा लागतो का, यातलं काहीच खिडक्यांच्या संख्येवरून कळत नाही. वेळ तिथेच जातो.

हिशेब असा मांडा. खर्च धरून दिवसाला १८० पौंड हवेत. आठ तासांतले पाचच तास तुम्ही घरांवर असता, बाकीचे गाडीत, टाकी भरण्यात आणि मेसेजांना उत्तरं देण्यात जातात. म्हणजे तासाला ३६. तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं) घर, पाइप पसरण्यापासून गुंडाळण्यापर्यंत धरून, २५ मिनिटांचं. झाले १५ पौंड, दिवसाला १२ घरं. पाणीही याच हिशेबात बसवा. घरामागे २० लिटर धरले तर १२ घरांना २४० लागतात, म्हणजे तुमची टाकी जेमतेम पुरेल. पहिल्या धुलाईची घरं असतील त्या दिवशी पुरणार नाही, मध्ये भरायला घरी यावं लागेल. आणि भरलेल्या टाकीत पाव टन पाणी असतं, तेव्हा ती व्हॅनच्या सांगाड्याला नीट बोल्ट केलेली हवी. नुसत्या पट्ट्यांनी बांधून ठेवू नका.

आता हीच १२ घरं गावभर विखुरलेली असतील आणि दोन घरांत दहा-दहा मिनिटांचं अंतर असेल तर? अकरा फेऱ्या, ११० मिनिटं जादा. तेच १८० पौंड आता जवळजवळ सात तासांत मिळतात, तासाला २६. दर एका पैशाने कमी न करता तुम्ही पाव हिश्शाहून जास्त उत्पन्न रस्त्यावर सांडलंत. म्हणून एकाच गल्लीतली सहा घरं १४ ला घेतली तरी फायदा, आणि गावाच्या टोकाचं एकटं घर २० ला घेतलं तरी तोटा असू शकतो.

किती दिवसांनी येणार त्यावरही दर बदलतो. चार आठवड्यांनी १५, आठ आठवड्यांनी १८, बारा आठवड्यांनी २४, एकदाच हवं असेल तर ३५. चार आठवड्यांचं घर वर्षातून १३ वेळा, म्हणजे १९५ पौंड. आठ आठवड्यांचं साडेसहा वेळा, ११७. तेव्हा चार आठवड्यांचं घर स्वस्त वाटलं तरी तेच धरून ठेवा.

पहिल्या धुलाईला दुप्पट घ्या आणि ते बोलून घ्या. चौकटीच्या वरच्या पट्टीत आणि हवेच्या फटींत वर्षानुवर्षांची धूळ असते. काच स्वच्छ निथळते आणि अर्ध्या तासाने वरून थेंब ओघळून पांढरे डाग पडतात. पाणी ००० असूनही पडतात, कारण मळ पाण्यातला नाही, फटीतला आहे. दोन-तीन फेऱ्यांनंतर हे थांबतं. ग्राहकाला आधी सांगितलंत तर ते तुमचं ज्ञान ठरतं, नंतर सांगितलंत तर सबब.

काचवाला_लेस्टर

कॉन्झर्व्हेटरीचा आकडा फोनवर देऊ नका. बागेतून काढलेल्या फोटोत छताची उतरती कड दिसते, छत दिसत नाही. बाईंना सांगा, वरच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या खिडकीतून खाली बघत एक फोटो काढा आणि दुसरा आत उभं राहून छताकडे बघत. या दोन फोटोंत निम्मं काम कळतं. उरलेलं प्रत्यक्ष जाऊनच.

गेल्यावर हे बघा. पॉलिकार्बोनेटचे पत्रे पोकळ असतात, आत उभ्या नळ्यांसारखे कप्पे. हिरवं नेमकं कुठे आहे? ओल्या बोटाने खालची कड पुसा. बोट हिरवं झालं तर शेवाळ वर आहे, निघेल. बोट कोरं राहिलं आणि पत्रा तसाच हिरवा दिसला तर ते कप्प्यांच्या आत आहे. पत्र्याच्या टोकाची पट्टी सुटून ओल आत शिरली की असं होतं आणि बाहेरून कितीही घासलं तरी ते जात नाही. दर सांगण्याआधी हे बाईंना त्यांच्याच बोटाने दाखवा. न दाखवता काम घेतलंत तर तीन तास राबून भांडण पदरात पडेल.

पत्रे धरणाऱ्या पट्ट्यांची टोकाची टोपणं जागेवर आहेत का, एखादा पत्रा घसरलाय का, रबर फाटलंय का, बाजूच्या दुहेरी काचांमध्ये धुकं धरलंय का, हे सगळं काम सुरू करण्याआधी फोटोत घ्या आणि मेसेजने पाठवून ठेवा. धुक्याचा डाग काचेच्या आत असतो, धुतल्यावर तो उलट जास्त उठून दिसतो.

काम असं करा. आधी कोरडा पाला काढा, मग पन्हळ, तीही हातपावड्याने. पाला ओला झाला की चिखल होऊन खालच्या पाइपात बसतो. मग छत भिजवा, सौम्य साबण लावा, पाच मिनिटं ठेवा पण वाळू देऊ नका. मऊ ब्रशने माथ्यापासून खाली, पट्टीच्या रेषेत घासा. शेवटी भरपूर शुद्ध पाणी. छतावर पाय ठेवायचा नाही, शिडी पन्हळीला टेकवायची नाही, यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) पन्हळ तेवढ्या भारासाठी नसते. सगळं जमिनीवरून पोलने, किंवा मधला भाग वरच्या खिडकीतून.

प्रेशर वॉशर नको. पाणी रबराखाली आणि टोकाच्या पट्टीतून आत घुसतं आणि दोन दिवसांनी बाईंच्या सोफ्यावर टपकतं. घासणीची पावडर किंवा क्रीम नको, पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला ऊन अडवणारा पातळ थर असतो, तो खरवडला की पत्रा पिवळा पडायला लागतो. थिनर नको, पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. ब्लीचही टाळा. पन्हळीचं पाणी बऱ्याचदा थेट जमिनीत मुरतं, हिरवळ जळते आणि ओढ्यात गेलं तर प्रदूषणाचं प्रकरण होतं.

छत काचेचं असेल तर एकच विचारा, सेल्फ-क्लीनिंग (आपोआप स्वच्छ राहणारं) आहे का. पिल्किंग्टन ॲक्टिव्हसारख्या काचेवर लेप असतो, तिथे धातूचं पातं किंवा खरखरीत पॅड चालत नाही. साधं शुद्ध पाणी पुरतं.

दर तुकड्यांत सांगा. बाहेरून छत ३ तास, पन्हळ १५ मिनिटं, बाजूच्या काचा नि चौकटी ४५ मिनिटं. चार तास गुणिले ३६, म्हणजे १४४. १४५ सांगा. आतून छत हवं असेल तर वेगळं, कारण फर्निचर हलवणं नि झाकणं यात वेळ जातो. पुढच्या वर्षी हेच छत दोन तासांत होईल, ७५ मध्ये, हेही त्याच वेळी सांगा. बाजूच्या काचा महिन्याच्या फेरीत ५ पौंड जादा लावून घेता येतात. छत मात्र फेरीत फुकट कधीच नको, एकदा दिलं की ते हक्काचं होतं.

टेम्सकाठ

बोटाची युक्ती कधी वाचली नव्हती, फार उपयोगी. उद्याच जाऊन बघतो. हिशेबी दादा, विखुरलेल्या घरांचा हिशेब वाचून दिवाळी अंकाची जाहिरात चूक वाटायला लागली आहे. सोडून देऊ का?

ओसरी

सोडू नका, पण तिथे खिडक्यांची जाहिरात करू नका. अंक वाचणारे स्लाव, हॅरो, बेझिंगस्टोक असे चहूकडे पसरलेले. १५ पौंडांच्या घरासाठी तिथवर जाणं परवडत नाही, १४५ च्या छतासाठी परवडतं. फेरीची जाहिरात गल्लीत, मोठ्या एकवेळच्या कामाची जाहिरात लांबवर. एकाच पत्रकात दोन्ही कोंबलं की दोन्ही फिकं पडतं.

२००० पत्रकं गावभर नकोत. लोअर अर्लीतल्या ४०० घरांत चार-चार आठवड्यांनी पाच वेळा टाका. पहिल्यांदा कचऱ्यात जातं, तिसऱ्यांदा फ्रिजवर लागतं. कागद जाड घ्या, २५० ग्रॅमचं कार्ड. इथल्या टपालफटींना आत ब्रश असतो, पातळ कागद त्यात चुरगळून अडकतो आणि अर्धा बाहेर लोंबत राहतो. त्यावर गल्लीचं नाव घाला: 'आम्ही तुमच्या रस्त्यावर दर चौथ्या मंगळवारी असतो.' खाली दर लिहा. '१५ पासून' लिहिलंत तर त्या दरात बऱ्याच घरांचं काम खरंच व्हायला हवं, एखादंच होत असेल तर ती दिशाभूल ठरते. 'जाहिराती नकोत' असा स्टिकर असलेलं दार सोडा.

टपालफटीत पत्रक टाकायला परवाना लागत नाही. रस्त्यात हातोहात वाटायला मात्र काही भागांत कौन्सिलची परवानगी लागते आणि विजेच्या खांबावर चिकटवणं बेकायदा आहे.

छताचे फोटो अर्धवट धुतलेले असताना काढा, एका पट्टीच्या अलीकडे हिरवं, पलीकडे पांढरं. ढगाळ उजेडात, म्हणजे चकाकी येत नाही. घराचा नंबर आणि गाडीची पाटी दिसू देऊ नका, आणि मालकाला विचारून मगच टाका. छताची जाहिरात मार्च-एप्रिलमध्ये, पन्हळ साफ करण्याची मात्र पानगळ संपल्यावर, डिसेंबरमध्ये. नातेवाइकांकडून रिव्ह्यू लिहून घेऊ नका, खोटे रिव्ह्यू एप्रिल २०२५ पासून थेट बंदीच्या यादीत आहेत.

हिशेबी

एक राहिलं. बाईंच्या दारात उभं राहून १४५ ला काम ठरलं तर २०१३ च्या ग्राहक नियमांप्रमाणे त्यांना १४ दिवसांत ते रद्द करायचा हक्क असतो, आणि तो लेखी कळवणं तुमचं काम आहे. ४२ पौंडांपर्यंतच्या कामाला हे लागू नाही, म्हणून खिडक्यांच्या फेरीत कुणाला जाणवत नाही. त्यांना १४ दिवसांच्या आत काम हवं असेल तर 'मुदतीआधी सुरू करा, आणि काम पूर्ण झाल्यावर रद्द करता येणार नाही हे मला माहीत आहे' असं त्यांच्याकडून ईमेलवर घ्या. दोन ओळींचा मजकूर तयार ठेवा.

आणि फेरीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना मेसेज करा: 'उद्या येतोय, मागचं फाटक उघडं ठेवा.' फाटकाला कुलूप निघालं तर पुढच्या खिडक्या धुऊन निम्मे घ्यायचे की पूर्ण, हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवा.