विषय: पालक कार्यशाळेला पालक का येत नाहीत?

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या पालक कार्यशाळेसाठी नावनोंदणी उत्तम झाली, परंतु पहिल्या सत्राला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि पुढील सत्रांना नेहमीची मंडळी सोडून कोणी फिरकले नाही. बैठकीत ‘पालकच उदासीन आहेत’ असा सूर निघाला. आपले एक माजी सभासद मुंबईस परतल्यापासून तेथील वस्त्यांमध्ये पालकसभा घेत आहेत. त्यांनी याविषयी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

प्रेषक: माजी सभासद, मुंबई

सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

उदासीनतेचा निष्कर्ष मला मान्य नाही. मुलांच्या वर्तनविषयक अडचणींसाठी पालकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक व्यापक आढावा सांगतो, की पात्र पालकांपैकी किमान २५ टक्के सुरुवातच करत नाहीत आणि आणखी २६ टक्के मध्येच सोडून जातात. म्हणजे अर्धी गळती ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे आणि तिची कारणे बहुतांशी कार्यक्रमाच्या आखणीत असतात, असे माझे इथल्या कामावरून ठाम मत झाले आहे.

पूर्व उपनगरातील एका वस्तीत आमच्या सभा सुरुवातीला सकाळी अकराला होत असत. ती वेळ आमच्या सोयीची होती. तेथील बहुतेक आया त्या वेळी समोरच्या इमारतींमध्ये धुणीभांडी आणि पोळ्यांच्या कामावर असतात, आणि एक खाडा झाला तर पगार कापला जातो किंवा कामच दुसरीकडे जाते. त्यांची सकाळची कामे उरकल्यानंतर आणि संध्याकाळचे पाणी येण्याआधी, म्हणजे दुपारी अडीचच्या सुमारास जी थोडी उसंत मिळते, त्या वेळी सभा ठेवल्यावर बायका आल्या; मात्र त्यांच्या कडेवर धाकटी मुलेही आली. मग एका ताईंनी कोपऱ्यात चटई टाकून, वाट्या-चमचे आणि लाकडी ठोकळे मांडून त्या मुलांना सांभाळण्याचे काम पत्करले. गोंगाट होतोच, पण आई तासभर बसू शकते. सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या ‘इन्क्रेडिबल इयर्स’ या पालक-प्रशिक्षण कार्यक्रमात जेवण, मुलांचा सांभाळ आणि येण्याजाण्याची सोय यांवर आग्रह धरला जातो, तो याचसाठी.

वेळ जुळली तरी भीती उरतेच. आमच्या भागातील एका शाळेत पालकसभा म्हणजे सर्वांदेखत गुण आणि तक्रारी वाचून दाखवणे, अशी प्रथा होती. तिथून अपमान पदरी घेऊन परतलेली आई ‘पालकांसाठी मार्गदर्शन’ असा फलक पाहून आत येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, पण जागा दिल्याने बोलण्याचे बळ येत नाही. त्यापेक्षा बोलावणारे माणूस कोण, याने फार फरक पडतो. छापील पत्रक चुलीपाशी जाते. अंगणवाडी सेविका दारात उभी राहून ‘ताई, तुमच्या बाळ्याच्या हट्टाबद्दल परवा बोलत होतात ना, त्याचीच चर्चा आहे’ असे म्हणाली, की बाई येते. राज्यात २०२२ साली ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत माता गट उभे राहिले, तेव्हा शेजारणीने शेजारणीला सांगण्याची हीच वाट धरली गेली.

मुळात हा विचार आपल्याकडे जुना आहे. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाई मोडक यांनी मुलांना दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

एक सूचना व्याख्यात्यांसाठीही करावीशी वाटते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांचा संसार रेटणाऱ्या बाईला ‘मुलाला दर्जेदार वेळ द्या’ असे सांगून कोणी तज्ज्ञ निघून गेले, की पुढच्या आठवड्यात ती येत नाही. तिने घरी काय करून पाहिले, ते कुठे फसले, हे विचारणारा माणूस असला तर येते.

आपला, माजी सभासद

प्रेषक: एक पालक-सभासद

नमस्कार दादा. आपले विवेचन पटले, परंतु इकडे रोजगार बुडण्याचा प्रश्न नाही. आमचा समाज लहान आहे. माझ्या मुलाचा आक्रस्ताळेपणा शनिवारी कार्यशाळेत सांगितला, तर तो रविवारी दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. शिवाय सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. ‘मुले वाढवायला वर्ग कशाला?’ या त्यांच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नाही.

प्रेषक: माजी सभासद, मुंबई

ताई, चाळीतही हीच अडचण आहे. भिंतीपलीकडे सगळे ऐकू जाते. म्हणून आम्ही स्वतःच्या मुलाबद्दल बोलण्याची सक्ती करत नाही. एखादा काल्पनिक प्रसंग मांडतो आणि ‘अशा वेळी काय करावे’ एवढेच विचारतो; ज्यांना वेगळे बोलायचे असते त्या नंतर थांबतात. आपल्याकडे पहिली दोन सत्रे ऑनलाइन, कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा देऊन घ्यावीत आणि निमंत्रणात ‘समस्या असलेल्या मुलांचे पालक’ असा उल्लेख कटाक्षाने टाळावा.

सासूबाईंना मात्र बोलवाच. इथे ज्या घरच्या आजी एकदा येऊन बसल्या, त्या घरच्या सुनेला पुढे परवानगी मागावी लागली नाही, कारण नातवंडांना जेवू घालण्यापासून झोपवण्यापर्यंतचे अर्धे काम त्याच करतात आणि त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते. वडिलांना आणणे याहून कठीण आहे. आम्हाला ते गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांमार्फत, रविवारी संध्याकाळी मंडळाच्याच कार्यालयात बसल्यावर थोडेफार जमले. तुमच्याकडे ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जे बाबा नियमित येतात, त्यांच्यापैकी एकाने इतरांना फोन करावा. सचिवांचे परिपत्रक त्यानंतर गेले तरी चालेल.