मदत हवी आहे: कॅथलिक शिकवण मुळापासून समजून घ्यायचीय, सुरुवात कुठून करू?

सातारची_वसईकर

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझं माहेर साताऱ्याकडचं, वारकरी घर. सासर वसईचं, कॅथलिक. सहा वर्षांपूर्वी लग्न चर्चमध्ये झालं, पण मी बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि कोणी घे म्हटलंही नाही. बिशपांच्या कार्यालयातून परवानगी आणावी लागते, ती आणली. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी जमेल ते सगळं करीन, असं नवऱ्याने कबूल केलं, त्याची मला कल्पना दिली गेली, आणि झालं. (माहेरच्या दोन मावश्यांना अजूनही वाटतं की मी तेव्हाच 'बाटले'. त्यांचं चालू दे.)

आता लेक पाच वर्षांची आहे. रोज रात्री आजीजवळ बसून रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) म्हणते. परवा मला विचारलं, "मम्मा, येशू देव आहे ना? मग तो देवाकडे प्रार्थना का करतो?" मी म्हटलं, बाबांना विचार. बाबा म्हणाला, आजीला विचार. आजी म्हणाली, झोप आता.

तेव्हा ठरवलं की आपणच शिकायचं. बायबल पहिल्या पानापासून घेतलं. उत्पत्ती मजेत वाचलं, निर्गम अर्धं बरं गेलं, लेवीयमध्ये बकऱ्याच्या चरबीचं काय करायचं इथे येऊन थांबले. मग कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, उघडला, इंग्रजीतून, नेटवर. २८६५ परिच्छेद! साठाव्यापर्यंत गेले असेन. मग यूट्यूब. तिथे कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट, कॅथलिक विरुद्ध नास्तिक, कॅथलिक विरुद्ध दुसरे कॅथलिक. सगळे एकदम खात्रीने बोलतात.

घरातही तेच. सासूबाई म्हणतात शुक्रवारी मटण खाणं पाप. नवरा म्हणतो, ते फक्त उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस). धाकटा दीर म्हणतो, आता असं काही राहिलेलंच नाही. मुळात शिकवण कुठली, नियम कुठला आणि घरची पद्धत कुठली, हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं?

एका चर्चच्या ऑफिसात (कुठलं ते सांगत नाही) विचारायला गेले होते की मोठ्यांसाठी काही वर्ग आहे का. तिथल्या गृहस्थांनी थेट विचारलं, "बाप्तिस्मा कधी घ्यायचाय?" मी घाबरून परत आले. घ्यायचा की नाही हे मी ठरवलेलं नाही. आधी समजून तर घेऊ दे!

---

निवृत्त_धर्मशिक्षिका

अगं पोरी, लेवीयमध्ये अडकलेली तू काही पहिली नाहीस. मी तीस वर्षं रविवारी मुलांना शिकवलं, त्यातल्या अर्ध्या पालकांचं बायबल तिथेच बंद पडलेलं असायचं.

आधी मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याची गोष्ट, वाच. सोळाच अध्याय आहेत, दोन दुपारी पुरतात. मग लूक, आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच हातचं लिखाण आहे. जुना करार नंतर, आणि तोही रविवारच्या मिस्सेतल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) वाचनांच्या हाताला धरून. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात लावलेली आहेत: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात नि पुनरुत्थानकाळात. पहिलं वाचन बहुतेक जुन्या करारातलं असतं आणि ते त्या दिवशीच्या शुभवर्तमानाला जुळणारं निवडलेलं असतं. शनिवारी रात्री ती वाचनं घरी वाचायची आणि रविवारी प्रवचन ऐकायचं. वर्षभरात तुला कळेल की नकळत केवढं वाचून झालं.

कॅटेकिझमला घाबरू नकोस, पण तो कादंबरीसारखा वाचायचाही नसतो. १९९२ साली आला, आणि तो मुख्यतः शिकवणाऱ्यांच्या हाताशी असावा म्हणून लिहिलेला. त्याचे चार भाग लक्षात ठेव: आपण काय मानतो, संस्कार, कसं जगायचं, आणि प्रार्थना. त्याचाच २००५ साली निघालेला प्रश्नोत्तरांचा संक्षेप आहे, ५९८ प्रश्न. तुझ्यासाठी तोच बरा. रोज दोन प्रश्न, जास्त नाही.

पण त्याही आधी विश्वासांगीकार पाठ कर, आपण मिस्सेत उभं राहून म्हणतो तो. कॅटेकिझमचा पहिला भाग म्हणजे त्याचंच ओळीओळीने केलेलं स्पष्टीकरण आहे. त्यात एक नाव तुला खटकलं असेल, पंतय पिलात. देवाच्या गोष्टीत हा रोमन अधिकारी कशाला? येशूखेरीज त्यात नावाने आलेली माणसं दोनच, एक मारिया आणि एक हा. तो यहुदियाचा सुभेदार होता, साधारण इ. स. २६ ते ३६. त्याचं नाव घेतलं की गोष्ट 'फार फार वर्षांपूर्वी' राहत नाही. अमुक माणसाच्या अमलात घडली, अशी तारीखच पडते तिला.

आणि तुझ्या लेकीचा प्रश्न! बाई गं, त्या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक वाद झाला. आरियस नावाचा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू म्हणायचा की पुत्र थोर खरा, पण देवाने निर्माण केलेला. ३२५ साली निकायाला ठिकठिकाणचे बिशप जमले आणि त्यांनी विश्वासांगीकारात घातलं, की पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही. कुंभार मडकं घडवतो, मडकं काही माणूस नसतं. कुंभाराला मूल होतं ते मात्र माणूसच असतं. पुढे ४५१ साली खाल्किदोनला ठरलं की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही, भेसळ न होता. माणूस आहे म्हणून तो गुडघे टेकतो, आणि पुत्र आहे म्हणून पित्याशी बोलतो. पाच वर्षांच्या मुलीला एवढंच सांग की येशू आपल्या बाबांशी बोलतोय. बाकीचं ती दहावीत विचारेल, तोवर तुझी तयारी झालेली असेल.

---

पुण्यात_सध्या

ताई, मी हिंदू घरातून आलो, चार वर्षांपूर्वी ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा घेतला. ऑफिसातल्या त्या प्रश्नाचं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी ऑफिसात न जाता थेट फादरांना भेटा, आणि शब्द असा वापरा: "मी चौकशीच्या टप्प्यावर आहे."

हा खरोखरचा टप्पा आहे. प्रौढांना ख्रिस्तसभेत घेण्याचा जुना क्रमवार विधी १९७२ साली पुन्हा सुरू झाला, इंग्रजीत त्याला 'आरसीआयए' म्हणायचे. पहिला टप्पा निव्वळ प्रश्न विचारण्याचा. त्यात कशावर सही नाही, वचन नाही. मग ज्याला पुढे जायचंय त्याला चर्चमध्ये सगळ्यांसमोर उमेदवार म्हणून स्वीकारतात. शेवटची तयारी उपवासकाळात, आणि बाप्तिस्मा, दृढीकरण, पहिलं कम्युनियन हे तीनही संस्कार ईस्टरच्या जागरणात एकदम. आमच्या गटातल्या एक बाई दोन वर्षं चौकशीतच होत्या. कोणी घाई केली नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोग पुस्तकांचा नाही झाला, एका माणसाचा झाला. दर बुधवारी एक निवृत्त काका माझ्यासोबत चहाला बसायचे आणि माझे आगाऊ प्रश्न ऐकून घ्यायचे. असं कोणीतरी शोधा.

---

नगरी_वाचक

आम्ही प्रॉटेस्टंट, मिशनच्या काळापासूनचे. भांडायला आलेलो नाही. पण एवढे ग्रंथ, परिषदा, प्रश्नोत्तरं कशाला? बायबल वाचा, प्रार्थना करा. बाकी सगळं माणसांनी नंतर चढवलेलं.

---

बंदरावरचा

नगरी भाऊ, आदरपूर्वक. त्या बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची ही यादी बायबलच्या आत नाही, ती ख्रिस्तसभेनेच ठरवली. आमचं म्हणणं एवढंच की पवित्र शास्त्र आणि ते जपत आलेली परंपरा एकमेकींपासून तोडता येत नाहीत. इथून पुढे वाद दुसऱ्या धाग्यावर घालू, चहा माझ्याकडून.

वहिनी, यावरून एक कामाची गोष्ट: तुमच्याकडचं बायबल कुठलं आहे ते बघा. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं असतात, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. अनुक्रमणिकेत तोबीत, यहुदीथ, मक्काबी दिसले तर ते आपलं. मराठी सोपं हवं असेल तर आपल्या वसईच्या फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आहे, साहित्य अकादमी मिळालेलं. रोजच्या मराठीत आहे, मी स्वतः त्याच्यामुळेच वाचायला लागलो.

आता मटण. 😄 तुमच्या घरातले तिघेही थोडे थोडे बरोबर आहेत. वर्षभरातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य हा ख्रिस्तसभेचा कायदा आहे, पण त्याऐवजी दुसरं प्रायश्चित्त ठरवून देण्याची मुभा त्या त्या देशातल्या बिशपांना आहे. म्हणून देशोदेशी वेगळं दिसतं. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेला मात्र उपास आणि मांसबंदी, दोन्ही पक्की.

तुमचा मूळ प्रश्न हाच आहे ना, कशाला किती वजन द्यायचं? मी असं करतो. कोणी काही सांगितलं की विचारायचं: हे बदलू शकतं का? येशू मेलेल्यांतून उठला, हे बदलणार नाही. मारिया गर्भात आली त्या क्षणापासून मूळ पापापासून मुक्त होती, हे १८५४ साली पोपनी अधिकृतपणे जाहीर केलं, तेही बदलणार नाही. (याचा येशूच्या जन्माशी घोळ घालणारे जन्मजात कॅथलिकसुद्धा ढिगाने आहेत. ही शिकवण मारियेच्या स्वतःच्या गर्भधारणेबद्दल आहे.) फादर लोकांनी लग्न करायचं नाही, ही मात्र शिस्त आहे. पोपना मानणाऱ्या पूर्वेकडच्या काही कॅथलिक ख्रिस्तसभांमध्ये लग्न झालेले धर्मगुरू आहेतच. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जे काय काय चालतं, ती निव्वळ गावची हौस.

---

ओवीवेडा

विषयाला थोडा फाटा फोडतो, पण वारकरी घर म्हणालात म्हणून राहवलं नाही.

तुमचा प्रश्न चारशे वर्षं जुना आहे. इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा) थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. नवख्रिस्ती लोकांना तिथे दोत्रीन, म्हणजे प्रश्नोत्तरांतली धर्मशिकवण, शिकवत, पण जुनी पुराणं बंद झाली होती. आम्हाला ऐकायला, वाचायला पुराण का देत नाही, अशी मागणी झाली, आणि त्यातून 'ख्रिस्तपुराण' आलं. १६१६ साली राशोलला छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्या, अस्सल मराठीत. स्वर्गाला तो चक्क वैकुंठ म्हणतो. ज्ञानेश्वरीचा कान असेल तर तुम्हाला ते परकं वाटणार नाही.

फक्त एक सावधगिरी. ओळखीचा शब्द भेटला की आपण आपला जुना अर्थ त्यात भरतो. येशूला 'अवतार' म्हटलं की आपल्या डोक्यात दहा अवतार येतात. इथे मात्र एकदाच, आणि देवाने माणसाचं रूप घेतलं असं नाही, तो खरोखर माणूस झाला, भूक, घाम, मरण सगळं धरून. हरिपाठ म्हणणाऱ्याला रोझरी लगेच आपली वाटते, मलाही वाटते. पण रोझरीत मणी ओढताना येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग (त्यालाच 'रहस्य' म्हणतात) डोळ्यांपुढे ठेवायचा असतो, नुसती मोजणी नाही. ते प्रसंग एकदा वाचून घ्या.

---

सातारची_वसईकर

किती लिहिलंत सगळ्यांनी! दोनदा वाचून काढलं.

आमच्याकडचं बायबल ६६ पुस्तकांचं निघालं. नवऱ्याला लग्नाच्या वेळी कोणीतरी भेट दिलेलं, त्याने बहुधा उघडलंच नव्हतं.

मार्क परवा रात्री संपवलं. शेवट फार अचानक येतो, बायका कबरीपासून घाबरून पळतात. निवृत्त बाई, यावर तुम्हाला विचारायचंय, पण व्यनि करते.

काल रोझरीच्या आधी सासूबाईंना विचारलं, आज कुठली रहस्यं? म्हणाल्या, प्रकाशाची, गुरुवार आहे ना. म्हटलं, त्यातलं तिसरं काय? जरा थांबल्या. "देवराज्याची घोषणा," म्हणाल्या, "पण म्हणजे नेमकी कुठली गोष्ट ते मलाही कधी कळलेलं नाही. आमच्या लहानपणी ही पाच नव्हतीच." मग दोघींनी मिळून मार्कचा पहिला अध्याय वाचला. रविवारी फादरांना भेटायला त्याही येणार आहेत. म्हणे, मलाही दोन प्रश्न आहेत.

एक शेवटचं. ईस्टरच्या जागरणाला लेकीला न्यावं का? झेपेल?

---

निवृत्त_धर्मशिक्षिका

ने की. अंधार पडल्यावरच सुरू होतं आणि लांबतं. एकूण वाचनं नऊ, त्यातली सात जुन्या करारातली. बहुतेक धर्मग्रामांत थोडी कमी करतात, पण तांबडा समुद्र ओलांडल्याचं वाचन गाळता येत नाही. तू निर्गम अर्धं वाचलंयस म्हणजे तेवढं तुझ्या ओळखीचं असेल. सुरुवातीला बाहेर अग्नी पेटवतात आणि काळोख्या चर्चमध्ये एकच मोठी मेणबत्ती नेतात, तिथे लेकीला पुढे उभी कर. तिसऱ्या वाचनाला ती झोपेल. शाल घेऊन जा.